ओला गहू आणि जुनी कॅरॅव्हन

ईद होऊन पंधरा दिवस झाले असतील. बर्मिंगहॅमहून मामेभावाचा फोन आला. सलाम, ख्याली-खुशाली झाली आणि तो म्हणाला, "बाजी, एक कॅरॅव्हन बघून ठेवलीय. जुनी आहे. घेऊ का?"

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. गाड्यांतलं मला काय कळणार? पण घरात कुणी काही मोठं घेणार असलं की मला विचारायची पद्धत पडली आहे, कारण काही वर्षांपूर्वी मी आणि माझ्या शोहरनी जी चूक केली ती सगळ्या खानदानाला पाठ आहे. ती पुढे सांगते.

आधी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. इंग्लंडात कॅरॅव्हन म्हणजे चाकांवरची खोली. तिला इंजिन नसतं. आपल्या मोटारीच्या मागे अडकवायची आणि ओढत न्यायची. आत पलंग, शेगडी, छोटं न्हाणीघर. समुद्रकाठी किंवा डोंगरात ठरलेल्या मैदानावर जागा भाड्याने घ्यायची, गाडी सोडवायची आणि चार दिवस राहायचं. माझ्या भावाचं म्हणणं सरळ होतं. मुलांच्या सुट्ट्या असतात, हॉटेलं परवडत नाहीत, हलालचा प्रश्न असतो, आणि मुमानींना म्हणजे त्याच्या अम्मीला सत्तरी उलटल्यावर गुडघ्यांमुळे परक्या ठिकाणी वुजू करणं जड जातं. स्वतःची शेगडी, स्वतःचं पाणी, स्वतःची जानमाज असली की त्या येतील. व्याजाचं कर्ज त्याला नको, त्यामुळे नवी कॅरॅव्हन घेणं शक्य नाही. शिल्लक आहे सहा हजार पौंड. एवढ्यात चौदा वर्षांची जुनी एक मिळते आहे. ती फसली तर पुन्हा एवढे पैसे साठायला चार-पाच वर्षं जातील. तोवर मुमानींचं प्रवासाचं वय राहील का, हे कुणी बोललं नाही, पण दोघांच्याही मनात तेच होतं.

मी म्हटलं, दोन दिवस दे. आणि जे मला येतं ते केलं. पुस्तकं काढली.

पहिली गोष्ट म्हणजे हा शब्द आपला आहे. फारसीतला कारवान, उर्दूतला कारवाँ. इंग्रजांनी तो सोळाव्या शतकात युरोपातल्या दुसऱ्या भाषांमधून उचलला, तेव्हा त्याचा अर्थ आपल्यासारखाच होता: एकत्र निघालेले प्रवासी. पुढच्या शतकात त्यांच्याकडे आच्छादलेल्या मोठ्या गाडीला कॅरॅव्हन म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात त्या शब्दाचं डोकं कापून 'व्हॅन' केलं. म्हणजे आपल्या पोरांना शाळेत सोडणारी व्हॅन ही कारवाँचीच शेपटी आहे. माझ्या वर्गात हे सांगितलं की मुलं आधी हसतात, मग फळ्यावर लिहून घेतात.

अरबीत याला काफिला म्हणतात. त्याचं मूळ परत येण्यात आहे. जे निघाले आहेत त्यांनाही 'परतणारे' म्हणायचं, म्हणजे ते सुखरूप परततील असा शुभशकून. शब्द करणाऱ्यांनी किती विचार केला होता बघा. प्रवासाला निघण्याआधीच त्यांनी परतीची सोय नावात करून ठेवली.

फरक एवढाच की कारवाँ म्हणजे माणसं होती आणि कॅरॅव्हन म्हणजे वस्तू झाली. कुरैशचे हिवाळ्यात यमनकडे आणि उन्हाळ्यात शामकडे जाणारे काफिले आपल्याला कुरआनमधून ठाऊक आहेत. नबुव्वतच्या आधी हुजूर (स.) हजरत खदीजा (र.) यांचा माल घेऊन शामला गेले तेही काफिल्यातूनच. माल एकीचा, मेहनत दुसऱ्याची, वाटेचं संरक्षण सगळ्यांचं. एकट्याने वाळवंट ओलांडणं हा पर्यायच नव्हता.

पण चाकांवरचं घर? ते इंग्रजांनी शोधलं असं मला वाटायचं. मग इब्न बतूता उघडला.

इब्न बतूता आपल्याला परका नाही. तो दौलताबादला आला होता, तिथल्या द्राक्षा-डाळिंबांचं त्याने कौतुक केलं आहे, आणि तिथून नंदुरबारमार्गे खंबायतला गेला. दिल्ली ते दौलताबाद चाळीस दिवसांची वाट आणि दोन्ही बाजूंना झाडं, जणू बागेतून चाललो आहोत, असं तो सांगतो. पण हिंदुस्थानात पोहोचण्याआधी, 1330 च्या दशकात, तो क्रिमियातून किपचाकच्या गवताळ मैदानात शिरला. तिथे उझबेक खानाचं राज्य होतं. त्या मैदानात लोक ज्या गाडीने फिरत तिला तो 'अरबा' म्हणतो. चार मोठी चाकं. ओढायला दोन किंवा जास्त घोडे, नाहीतर बैल, नाहीतर उंट, जसं वजन तसं जनावर. गाडीवर लाकडी पट्ट्या चामड्याच्या वाद्यांनी बांधून केलेला हलका घुमट, त्यावर नमद्याचं आच्छादन, आणि त्याला जाळीच्या खिडक्या. आतला माणूस बाहेरचं बघू शकतो, बाहेरच्याला आतला दिसत नाही. गाडी चालू असतानाच आत झोपावं, जेवावं, वाचावं, लिहावं.

ही कॅरॅव्हनच झाली. बर्मिंगहॅमच्या जवळपास सहाशे वर्षं आधीची.

बायकांच्या गाड्यांबद्दलही त्याने लिहिलं आहे. व्यापाऱ्यांच्या बायका खिडक्या उघड्या ठेवून, तोंड न झाकता बाजारात येत. सोबतचा नवरा मेंढीच्या कातड्याच्या साध्या कोटात असे, त्यामुळे बघणाऱ्याला तो नोकरच वाटे. तो तंजेरचा काझी घराण्यातला माणूस, चकित झाला आणि ते त्याने लपवलं नाही. त्याच्या स्वतःच्या गाडीत विकत घेतलेल्या दासीही होत्या. हे वाचताना आज आपल्याला अवघडल्यासारखं होतं आणि ते व्हायलाच हवं. जुन्या प्रवासांचं कौतुक करताना त्या गाड्यांत मर्जीविरुद्ध बसलेली माणसंही होती, हे वगळून पुढे जाता येत नाही.

माझ्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं ते इब्न बतूताच्या व्यवहारात. क्रिमियाच्या किनाऱ्यावर उतरल्यावर त्याच्या सोबतच्या व्यापाऱ्याने आधी गाड्या भाड्याने घेतल्या. त्यांतून मंडळी शहरात पोहोचली. मग तिथला अमीर खानाच्या छावणीकडे निघाला, त्याच्यासोबत लांबचा पल्ला गाठायचा ठरलं, तेव्हा इब्न बतूताने गाड्या विकत घेतल्या. एक स्वतःसाठी, एक लहान आपला सोबती अफीफुद्दीन तूझरी याच्यासाठी, आणि बाकीच्यांसाठी तीन उंटांची मोठी. पुढे उरल नदीकाठच्या सराचूक गावी पोहोचल्यावर त्याने गाड्या ओढणारे घोडे विकले. दर घोड्याला चार दीनार, काहींना त्याहून कमी, कारण ते थकले होते आणि त्या गावात घोडे स्वस्त होते. त्यांच्या जागी त्याने उंट भाड्याने घेतले, कारण पुढे ख्वारिज्मपर्यंत तीस दिवसांचं वाळवंट होतं आणि त्यात घोड्याला चारा नव्हता. दिवसात दोनदा, घटकाभर थांबायचं, बाकी चालतच राहायचं. हे वाळवंट ओलांडणारे बहुतेक उंट मरतात आणि जे उरतात ते वर्षभर खाऊन धष्टपुष्ट झाल्याशिवाय कामाचे नसतात, असं त्याने नोंदवलं आहे. ख्वारिज्मनंतर बुखाऱ्याकडे निघताना त्याने पुन्हा उंट भाड्याने घेतले आणि फक्त दुहेरी कजावा विकत घेतला. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला अफीफुद्दीन.

म्हणजे भाड्याने, मग विकत, मग अर्धं विकून अर्धं भाड्याने. प्रत्येक टप्प्यावर त्याने जमीन बघितली, अंतर बघितलं, आणि ओढणारं जनावर बघितलं. गाडीवर त्याचा जीव जडला नव्हता.

सतराव्या शतकात आपल्याकडे आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये यालाही हेच कळलं होतं. हिंदुस्थानात बैलगाडी भाड्याने मिळते, दिवसाला साधारण एक रुपया पडतो, असं तो लिहितो. आणि बैल निवडताना शिंगं हातभर लांब नसावीत, एक फुटाच्या आत असावीत, असा त्याचा सल्ला आहे. का, तर माशी चावली की बैल मान मागे फेकतो आणि लांब शिंग मागे बसलेल्याच्या पोटात घुसतं. ज्याने हे लिहिलं त्याने गाडीची शोभा नाही, धोका बघितला. त्याच ताव्हर्नियेने लमाणांचे तांडेही पाहिले होते. दहा-बारा हजार बैल एका वेळी, कुणी फक्त मीठ वाहणारे, कुणी तांदूळ, कुणी डाळ. पुढे वेलस्लीच्या फौजेचं पोटही याच बंजाऱ्यांवर अवलंबून होतं. मग 1853 मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे वर चढली, आणि मिठाचे बैल रस्त्यावरून उतरले. आपल्याकडे कारवाँ असा मोडला.

नेमक्या त्याच सुमारास इंग्लंडात तो वेगळ्या रूपात उभा राहत होता. तिथले रोमा लोक, ज्यांना इंग्रज जिप्सी म्हणतात, एकोणिसाव्या शतकात तंबू सोडून चाकांवरच्या लाकडी घरात राहू लागले. हे लोक मुळात हिंदुस्थानातून गेलेले. त्यांच्या बोलीत आजही पाण्याला पानी, कानाला कान, माणसाला मानुष, दोनला दुई म्हणतात. रस्त्यावर त्यांना हाकललं जाई, संशयाने बघितलं जाई. आणि त्यांचंच घर बघून एका सुखवस्तू माणसाला हौस झाली. गॉर्डन स्टेबल्स हा नौदलातला निवृत्त डॉक्टर. त्याने 1885 मध्ये ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाची कॅरॅव्हन बांधून घेतली. दोन घोडे, एक गाडीवान, एक नोकर, एक कुत्रा, एक पोपट. नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन वाट मोकळी आहे का बघायचा. तेराशे मैलांचा तो प्रवास त्याने पुस्तकात लिहिला आणि इंग्रज मध्यमवर्गाला नाद लागला. 1907 मध्ये त्यांनी क्लब काढला. रोमांची गरज ही साहेबांची सुट्टी झाली. गाडी तीच होती, पण थांबायची परवानगी कुणाला मिळते ते बदललं. तिथल्या रोमा कुटुंबांना गाडी उभी करायला जागा मिळवणं आजही सोपं नाही.

पहिलं महायुद्ध संपल्यावर, 1919 पासून, मोटारीमागे ओढायच्या कॅरॅव्हन बनवायला एक्लेस कंपनीने सुरुवात केली. ती कुठली, तर बर्मिंगहॅमची. माझ्या भावाला हे सांगितलं तेव्हा तो खुश झाला. "म्हणजे आमच्या गावची चीज आहे!" मामू 1960 च्या दशकात बोटीवरची नोकरी सोडून तिथे उतरले. भाऊ तिथेच जन्मला, तेव्हा त्याने गाव म्हणावं ते बरोबरच.

आता वजनाचं. मी त्याला पहिला प्रश्न विचारला, "तुझा घोडा किती वजनाचा?" त्याची मोटार 1450 किलोची. कॅरॅव्हन सामानासकट जास्तीत जास्त 1300 किलो. तिथले जाणकार नवशिक्यांना सांगतात की ओढलेल्याचं वजन ओढणाऱ्याच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवा. तो कायदा नाही, सल्ला आहे. हिशोब केला तर साधारण 1230 किलो येतात. कॅरॅव्हन त्याहून सत्तर किलो जड. म्हणजे एक मुमानी जास्त, असं मी म्हटलं आणि मागून मुमानींचा आवाज आला, "मी ऐकतेय हां."

या सल्ल्यामागे जे शास्त्र आहे ते आपल्या बैलगाडीवाल्यांना कुणी शिकवायला नको. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त झाला की धुरजड होते आणि बैलाच्या मानेवर बसते. कॅरॅव्हनचंही तेच. थोडी धुरजड हवी, दांडीवर एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के भार पडायला हवा, म्हणजे 1300 किलोला 65 ते 91 किलो. जड सामान चाकांच्या वर, तळाशी. उलाळ झाली तर वेगात शेपटी झुलायला लागते आणि मग ती मोटारीला सोबत घेऊन जाते. म्हणून तिथे कॅरॅव्हन ओढताना मोठ्या हमरस्त्यावरही ताशी साठ मैलांची मर्यादा आहे आणि साध्या एकेरी रस्त्यावर पन्नासची.

फिकहच्या किताबांत यावर पूर्ण प्रकरण आहे. बाराव्या शतकात फरगान्याच्या मर्गिनानींनी 'हिदाया' लिहिली. आम्ही कोकणी शाफई आणि हिदाया हनफी मसलकची, पण शिकताना सगळेच ती वाचतात. इंग्रजांनी 1791 मध्ये तिचं भाषांतर करून कंपनीच्या कोर्टात वापरली. तिच्यात भाड्याच्या जनावराचा मसला असा आहे: अमुक वजनासाठी जनावर भाड्याने घेतलं, त्याहून जास्त लादलं आणि ते मेलं, तर जादा वजनाच्या प्रमाणात भरपाई द्या. आणि त्या जातीच्या जनावराला मुळी पेलणारच नाही एवढं लादलं, तर पूर्ण किंमत द्या. किताबात उंट-खेचराचं आहे, पण तत्त्व हेच की ओढणाऱ्याचा हक्क आधी ठरतो, मालाचा नंतर. भाऊ म्हणाला, "बाजी, हे तर मोटारीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय." मी म्हटलं, लिहिलेलं असणारच.

पण खरी भीती वजनाची नव्हती. आता ती चूक सांगते.

आम्ही एक जुनी व्हॅन घेतली होती. विकणारा ओळखीचा होता, मशिदीत सोबत उभा राहणारा. रंग चकचकीत, आत नवा गालिचा. पहिल्या पावसात गालिच्याला वास यायला लागला. उचलून बघितलं तर खालचा पत्रा बोटाने तुटत होता. कोकणातला पाऊस आणि खारा वारा. गंज आतून खात गेला होता आणि वरून रंग मारला होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुम्ही विचारलं नव्हतं." ते पैसे गेले. मला पैशांपेक्षा ते वाक्य जास्त लागलं.

जुन्या कॅरॅव्हनचा शत्रूही ओलच. भावाने मला तिची रचना समजावली. बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा, आत प्लायवूड, मध्ये लाकडी सांगाडा आणि फोम. सगळी मदार सांध्यांच्या भरावावर. तो वाळून तडकला की पाणी आत शिरतं आणि लाकूड कुजतं. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून ओल मोजायचं छोटं यंत्र भिंतीला टेकवून बघतात. पंधरा टक्क्यांपर्यंत चिंता नाही, पंधरा ते वीस म्हणजे लक्ष ठेवा, वीसच्या वर गेलं की काम निघालं. त्याने उसनं यंत्र नेलं होतं. सगळीकडे बारा-तेरा, आणि पुढच्या खिडकीखालच्या कोपऱ्यात बावीस.

"विकणारा काय म्हणाला?"

"म्हणाला, थंडीत काचेवर वाफ धरते, तेवढंच आहे. म्हातारा आहे बाजी, चांगला माणूस आहे. बायको गेली म्हणून विकतोय."

मी त्याला मदीनेच्या बाजाराची गोष्ट सांगितली. त्याने लहानपणी ऐकली होती, पण त्या बावीसच्या आकड्याशी तिचा संबंध त्याने जोडला नव्हता. हुजूर (स.) धान्याच्या ढिगाऱ्याजवळून चालले होते. त्यांनी ढिगाऱ्यात हात घातला. वर कोरडं होतं, बोटांना आत ओल लागली. विचारलं, हे काय? तो म्हणाला, पावसाने भिजलं. तेव्हा हुजूरनी त्याला फर्मावलं की मग ओलं वर का नाही ठेवलं, म्हणजे लोकांना दिसलं असतं. आणि जो फसवतो तो आमच्यातला नाही.

मी वर्गात ही हदीस सांगते तेव्हा बोट दुसऱ्या वाक्याकडे, फसवणाऱ्याकडे असतं. यावेळी मला पहिली कृती दिसली. त्यांनी हात घातला. गृहीत धरलं नाही, रंग बघून परतले नाहीत, आणि त्या माणसाचा चेहरा चांगला आहे की वाईट हेही बघितलं नाही. आणि त्या विक्रेत्यानेही पाऊस खोटा सांगितला नव्हता. पाऊस खराच पडला होता. चूक होती ती ओलं खाली ठेवण्यात.

उंटिणीची हदीसही याच घरातली आहे. विकण्याआधी कास बांधून ठेवायची, दूध साठू द्यायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला भरपूर दूध देणारी वाटते. अशी घेतली गेली तर तीन दिवसांत परत करायचा हक्क आहे, प्यालेल्या दुधाबद्दल एक साअ खजूर देऊन. शाफई फिकहात हा मसला ठळक आहे. बिघाड दडवला तर घेणाऱ्याला इख्तियार राहतो. तिथल्या 2015 च्या ग्राहक कायद्यानेही दुकानदाराकडून घेतलेली वस्तू सदोष निघाली तर 30 दिवसांत नाकारायचा हक्क दिला आहे. पण खाजगी माणसाकडून घेताना तो नाही. म्हणजे त्या भल्या म्हाताऱ्याकडून घ्यायची असेल तर आधी हात घालणं हाच एक उपाय.

"मग त्याला खोटारडा म्हणू?"

"नको. तू त्याला विचार की हा कोपरा उघडून बघू देता का. आणि टायरवरचा आकडा बघ." टायरच्या कडेला चार आकडी खूण असते, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी पाच-सात वर्षांनी टायर बदलायचा असतो. उभ्या उभ्या म्हातारा होतो तो. कॅरॅव्हन तर वर्षातले अकरा महिने उभीच.

चार दिवसांनी उत्तर आलं. टायर नऊ वर्षांचे. म्हातारबाबांनी कोपरा उघडू दिला, स्वतः टॉर्च धरून उभे राहिले. आतलं लाकूड काळं पडलेलं होतं. ते बघून ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, मला खरंच ठाऊक नव्हतं. माझ्या भावाचा त्यांच्यावर विश्वास बसला. माझाही बसतो. सगळे आमच्या व्हॅनवाल्यासारखे नसतात. पण ठाऊक नसणं आणि ओल नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांनी किंमत कमी केली, तरी वजनाचा प्रश्न होताच. भावाने ती घेतली नाही. निघताना त्यांनी त्याला चहा पाजला आणि बायकोने शिवलेले खिडकीचे पडदे काढून देऊ केले, पुढच्या कॅरॅव्हनला लाव म्हणून. ते त्याने घेतले.

मग त्याने इब्न बतूताचा पहिला टप्पा केला. एक हलकी कॅरॅव्हन चार दिवसांसाठी भाड्याने घेऊन सगळे वेल्सच्या समुद्रावर गेले. मुमानींनी निघताना विचारलं, "मी मागे घरात आडवी पडते, चालेल?" नाही चालत. ओढल्या जाणाऱ्या कॅरॅव्हनमध्ये माणूस बसवणं तिथे बेकायदेशीर आहे, आणि का ते शेपटी झुलण्यावरून कळतंच. इब्न बतूताची चैन मुमानींना मिळाली नाही. त्या म्हणाल्या, "ही कसली गाडी? घर मागं आणि माणसं पुढं."

मला ते वाक्य विसरता येत नाही. कारवाँ शब्दातून माणसं गेली आणि खोली उरली, हे मी जाड पुस्तकं चाळून शोधलं. मुमानींना ते दार उघडताच दिसलं.

वेल्समध्ये त्यांना काय आवडलं? समुद्र नव्हे, तो त्यांनी जन्मभर पाहिलाय. शेजारच्या गाडीतली पंजाबी बाई संध्याकाळी मेथी निवडत बसली होती, तिच्यासोबत त्या दोन तास बसल्या. परतल्यावर त्यांनीच मुलाला सुचवलं की एकट्याने घेऊ नकोस. त्यांच्या गल्लीत आपल्याच रत्नागिरीकडचं एक कुटुंब आहे. दोघांनी मिळून घ्या, निम्मे निम्मे. शिर्कत आपल्याकडे नवी नाही. सहा हजारांतले तीन शिल्लक राहतील, टायर आणि दुरुस्तीला कामी येतील. विमा दोघांच्या नावे होतो का, कुणाच्या सुट्ट्या कुठल्या, बिघडलं तर खर्च कुणाचा, हे सगळं मी त्याला कागदावर लिहून काढायला सांगितलं आहे. आणि दोघांतला एक अमीर ठरवायला. तिघेही प्रवासाला निघाले तर एकाला अमीर करा, ही शिकवण आहेच, उगाच नाही.

येत्या वसंतात ते दोघं मिळून शोधायला लागणार आहेत. 1200 किलोच्या आतली, आणि शक्यतो दुकानदाराकडून. यंत्र आता त्याने स्वतःचं घेतलं आहे, पंचवीस पौंडांचं. पडदे मुमानींनी धुऊन ठेवलेत.